अंगणांतील लाल पालवी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचें नांव निघालें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ऊस येतो, कालवा येतो, द्राक्ष-डाळिंबांचे मळे येतात. आणि जुन्या काव्याची गोडी असणाऱ्यांस कऱ्हेच्या कांठीं आर्या रचीत बसलेले मोरोपंत आठवतात. अशा मुलखाच्या संदर्भांत मेपलसारख्या थंड देशांतील शोभेच्या झाडाची गोष्ट काढावी, हें पुष्कळांस विसंगत वाटेल. परंतु हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. या दोन्ही गांवांभोंवतीं अलीकडे अंगणाचीं घरें पुष्कळ झालीं. अनेक घरांतील मुलें-मुली शिक्षणाकरितां वा नोकरीकरितां कॅनडांत, अमेरिकेंत, जपानांत राहतात. दिवाळीच्या सुमारास तिकडून लालभडक पानांच्या झाडांचीं छायाचित्रें येतात, आणि घरांतील कोणीतरी म्हणतें, ‘असें एखादें झाड आपल्या दारापुढें लावतां आलें तर!’ हौस होते, रोपाचा शोध सुरू होतो, चांगले पैसे मोजून एक नाजूक रोप घरीं येतें, आणि बहुधा पहिल्याच वैशाखांत तें करपून जातें. मग ‘आपल्या हाताला झाड लागत नाहीं’ असा निष्कर्ष काढून माणसें झाडें लावणेंच सोडून देतात. एक रोप मेल्याचें मला फारसें वाटत नाहीं. पण त्या रोपापायीं एका घराची झाडें लावण्याची उमेद मरावी, हें मला मोठें नुकसान वाटतें. तें टळावें म्हणून आज या झाडाची, आपल्या मातीची आणि दोघांच्या न जमणाऱ्या संसाराची हकीकत सांगावयाची आहे. शेवटीं, तोच लाल रंग आपल्या अंगणांत दुसऱ्या वाटेनें कसा आणतां येईल, तेंही सांगेन.

प्रथम हें झाड कोणतें तें पाहूं. मेपल हें एका झाडाचें नांव नसून एका मोठ्या गोतावळ्याचें नांव आहे. ज्याचें पान कॅनडा देशानें १९६५ सालीं आपल्या निशाणावर घेतलें तोही मेपलच, आणि जपानी बागांतून पाण्याच्या कांठीं वांकून उभा असलेला बुटका, रेखीव पानांचा वृक्षही मेपलच. बागेच्या हौसेनें जें रोप घरीं आणलें जातें तें बहुतेक वेळां हा दुसरा, जपानी मेपल असतो. जपानांत राहून आलेल्या थुनबर्ग नांवाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १७८४ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पंजासारख्या पानांवरून त्यानें त्याला नांवही तसेंच दिलें. आपल्या देशांतही मेपल नाहीं असें नाहीं. काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत हिमालयाच्या रानांत त्याच्या निरनिराळ्या जाति आपोआप उगवतात. मात्र काश्मीरचा सुप्रसिद्ध चिनार हा मेपल नव्हे. पानाच्या आकारावरून तशी समजूत होते खरी, पण त्याचें कुळ निराळें.

आतां या जपानी मेपलचें माहेर कसें आहे? तो डोंगरउतारावर मोठ्या झाडांच्या विरळ सावलींत वाढणारा वृक्ष आहे. त्याच्या पायथ्याशीं कुजलेल्या पानांचा मऊ थर असतो. माती किंचित् आंबट, ओलसर आणि पाणी न तुंबणारी असते. मेपलच्या शोभेसाठीं प्रसिद्ध असलेल्या क्योतो शहरीं वर्षाला सुमारें १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो वर्षभर थोडाथोडा विभागून पडतो. तेथील हिंवाळा खरा हिंवाळा असतो. त्या थंडींत हें झाड पानें टाकून दोन-तीन महिने गाढ झोंप घेतें, आणि ती झोंप पुरी झाल्यावांचून त्याला वसंतांत नीट जाग येत नाहीं. त्याचीं मुळें उथळ, साल पातळ आणि पानें झिरझिरीत. थोडक्यांत, मऊ सावली, आंबटसर माती, गोडें पाणी आणि लांब थंडी या चार गोष्टींवर त्याचें जीवित उभें आहे.

आपला मुलूख याच्या जवळजवळ प्रत्येक बाबतींत उलटा आहे. बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. घाटमाथ्यावर ढग रिते होतात आणि येथवर पोंचतां पोंचतां त्यांच्यापाशीं फारसें कांहीं उरत नाहीं. वर्षाचा पाऊस ढोबळमानानें ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि त्यांतलाही भरंवशाचा भाग भाद्रपद-आश्विनांतला. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या घरांत जातो आणि दुपारीं पश्चिमेकडून कोरडा वारा सुटतो. हिंवाळ्यांत पहांटे गारठा पडतो, नाहीं असें नाहीं. पण दुपारीं पुन्हां ऊन तापतें, त्यामुळें मेपलला हवी असलेली झोंप अर्धवटच राहते. माती पाहावी तर नदीकांठीं व कालव्याखालीं चुनखडीमिश्रित काळी चिकण, आणि माळावर वीत-दोन वीत मातीखालीं मुरूम व खडक. दोन्हींचा गुण आंबट नसून अल्कधर्मी. अशा मातींत मेपलच्या मुळांना लोह उचलतां येत नाहीं. मग पानें फिकट पिंवळीं पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. हें पाहून आपण खत वाढवितों, आणि रोगी माणसाला पक्वान्न वाढावें तसें होतें.

यापुढची गोष्ट केवळ मेपलची नाहीं. ती या मुलखाच्या शेतीचीच गोष्ट आहे, आणि कुंडींतल्या रोपावरून ती फार चांगली समजते.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर या भागाला कायमचें पाणी द्यावें म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचें काम झालें. १८८५ च्या सुमारास त्यांतून पाणी वाहूं लागलें, आणि भोरजवळच्या भाटघर धरणाचें पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांच्या शेतांत आलें. ज्या जमिनींत बाजरीसुद्धां कशीबशी येई तेथें ऊस उभा राहिला. पण पांचपंचवीस वर्षांच्या आंतच एक निराळें संकट दिसूं लागलें. चांगल्या काळ्या रानांत पांढरे चट्टे उमटले, पीक पिंवळें पडलें, कांहीं जमिनी चिबड झाल्या, कांहीं चोपण झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनीं नीरा खोऱ्यांतील या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं तो प्रसिद्ध केला. या बिघाडाच्या मुळाशीं असलेली क्रिया अगदीं साधी आहे. पाणी भरपूर दिलें जातें, तें खालीं निचरून जात नाहीं, जमिनींतील पाण्याची पातळी वर चढते. मग कडक उन्हानें पृष्ठभागावरचें पाणी उडून जातें आणि त्यांत विरघळलेले क्षार मात्र मागें राहतात. पाण्याला वाफ होऊन जाण्याची सोय आहे; मिठाला ती नाहीं. वर्षानुवर्षें हें होत राहिलें म्हणजे जमीन पाण्यावांचून नव्हे तर पाण्यानेंच नासते.

हीच क्रिया मेपलच्या कुंडींत एका उन्हाळ्यांत घडते. हिशेब करून पाहा. समजा, आपल्या विंधणविहिरीच्या पाण्यांत लिटरास एक ग्रॅम क्षार आहेत. मचूळ पाण्यांत एवढे क्षार असणें मुळींच विशेष नव्हे. फाल्गुनापासून ज्येष्ठाच्या मध्यापर्यंत सुमारें ११० दिवस आपण रोज साडेचार लिटर पाणी त्या कुंडीस घातलें, तर पांचशे लिटर पाण्याबरोबर अर्धा किलो क्षार त्या वीतभर मातींत उतरले. भोंकांतून पाणी वाहून गेलें तर त्यांतले बरेचसे जातील. पण फरशी खराब होते म्हणून आपण खालीं ताटली ठेवतों, पाणी बेतानें घालतों, आणि क्षार आंतच सांठतात. मग पानांच्या कडा तपकिरी होतात, टोंकें जळतात. आपल्याला वाटतें कीं पाणी कमी पडलें. आपण आणखी तेंच पाणी घालतों. नीरेच्या खोऱ्यांत जें वीस वर्षांत झालें तें आपण अंगणांत वीस आठवड्यांत करून दाखवितों.

तेव्हां, ‘मेपल बारामतींत लागेल का?’ या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे : जमिनींत लावूं नये. कुंडींत, मेहनतीनें, कांहीं वर्षें जगवितां येईल. परंतु छायाचित्रांतील रंगाची अपेक्षा धरूं नये.

ज्यांच्या घरीं असें रोप आधींच आलेलें आहे त्यांनीं तें टाकून द्यावें असें मी म्हणणार नाहीं. आणलेल्या जिवाची काळजी घेतलीच पाहिजे. त्यासाठीं चारपांच गोष्टी सांगतों. कुंडी मातीची, रुंद तोंडाची आणि खालीं तीन-चार मोठीं भोंकें असलेली घ्यावी. मातीच्या कुंडीच्या अंगांतून पाणी पाझरून उडतें आणि मुळें गार राहतात. सिमेंटची कुंडी तापते आणि तिच्यांतला चुना मातींत उतरतो. भरावयास रानांतली काळी माती मुळींच घेऊं नये. चांगला कुजलेला पालापाचोळा दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, असें मिश्रण करावें. काथ्याचा भुसाही दोन-तीन पाण्यांनीं धुवावा, कारण त्यांतही कधीं कधीं मीठ असतें. कुंडी पूर्वेच्या पडवींत ठेवावी. सकाळचें नऊ-साडेनऊपर्यंतचें ऊन तिला मिळावें, पुढें सावली असावी, आणि पश्चिमेच्या वाऱ्याला भिंतीचा आडोसा असावा. पाणी शक्य तोंवर पावसाचें सांठविलेलें घालावें. पन्हाळीखालीं एक मोठें पिंप झांकून ठेवलें तर उन्हाळ्याचे निदान कांहीं आठवडे तें पुरतें. विंधणविहिरीचें पाणी घालणें भागच असेल तर पंधरा दिवसांतून एकदां गोडें पाणी कुंडीतून भरपूर वाहूं द्यावें, म्हणजे सांठलेले क्षार धुवून निघतील. ताटली ठेवूं नये. उन्हाळ्यांत खत देऊं नये. मार्गशीर्ष-पौषांत कुंडी रात्रीं उघड्यावर ठेवावी. जी थोडी थंडी आपल्याकडे पडते ती तरी त्या झाडाला पुरती मिळूं द्यावी. फांद्यांची छाटणी आणि कुंडीची अदलाबदल पानें नसतांना, पालवी फुटण्यापूर्वीं करावी.

एवढें सगळें करूनही पानें लाल होतील का? हें समजण्यासाठीं तो लाल रंग कोठून येतो तें पाहिलें पाहिजे. पानाला हिरवेपणा देणारें हरितद्रव्य झाड सतत मोडतें आणि सतत नवें घडवितें. दिवस लहान होऊं लागले, रात्री गार पडूं लागल्या कीं थंड देशांतील झाड आवराआवर करूं लागतें. पानांतला सकस अंश तें खोडांत परत ओढून घेतें. हरितद्रव्य नाहींसें होतें. त्याखालीं मूळचाच असलेला पिंवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र उघडा पडत नाहीं. तो त्या वेळीं नव्यानें तयार होतो. स्वच्छ ऊन आणि गार रात्री असतील तर पानांत सांठलेल्या साखरेपासून अँथोसायनिन नांवाचें लाल द्रव्य बनतें. जांभळाचा जांभळा रंग, कोकमाचा लाल रंग, हे याच जातीचे. आपल्याकडे ऊन हवें तितकें आहे, पण दीर्घकाळ गार राहणाऱ्या रात्री नाहींत. म्हणून येथील मेपलचें पान लाल होण्यापूर्वींच वाळतें. तो दोष रोपाचा नाहीं आणि आपल्या हाताचाही नाहीं.

परंतु, श्रोतेहो, तेंच लाल द्रव्य झाडाच्या आयुष्यांत आणखी एका प्रसंगीं तयार होतें, आणि तो प्रसंग आपल्या मुलखाचा आहे. उष्ण प्रदेशांतील अनेक झाडांचीं पानें मरतांना लाल होत नाहींत. तीं जन्मतांना लाल असतात. कोंवळ्या पानांत हरितद्रव्य अजून पुरेसें आलेलें नसतें. त्या दिवसांत उन्हाच्या माऱ्यापासून आणि किडींपासून हें लाल द्रव्य त्यांचें रक्षण करतें, असें शास्त्रज्ञ मानतात. चैत्रांतल्या पिंपळाची तांबूस, तुकतुकीत पालवी आपण सर्वांनीं पाहिली आहे. पण या बाबतींत सगळ्यांचा राजा म्हणावा असा वृक्ष म्हणजे आपला कोसिंब. कोठें त्याला कोशिंब म्हणतात, हिंदींत कुसुम म्हणतात. करडईच्या फुलांपासून होणाऱ्या कुसुंब्याशीं मात्र त्याचा संबंध नाहीं. फाल्गुन-चैत्रांत, डोंगर उघडे-बोडके दिसत असतांना, हें झाड नखशिखांत लाल होतें. दुरून पाहणाऱ्यास तीं फुलेंच वाटतात. जवळ जावें तों कोंवळीं, मऊ, माणकासारखीं पानें! दोन-तीन आठवड्यांत तीं तांबूस होतात, मग पोपटी, आणि वैशाखाचें ऊन तापतें तेव्हां त्याच झाडाखालीं गर्द हिरवी सावली पडलेली असते. परदेशी मेपलचा लाल रंग म्हणजे थंडीपूर्वींचा निरोप. कोसिंबाचा लाल रंग म्हणजे उन्हाळ्यापूर्वींची तयारी.

आणि यांत एक गंमतीची गोष्ट आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वीं मेपलचें एक स्वतंत्र कुळ मानीत. १९९८ सालापासून जें नवें वर्गीकरण पुढें आलें, त्यांत मेपल रिठ्याच्या कुळांत सामावला गेला; आणि याच रिठ्याच्या कुळांत आपला कोसिंब आहे, लिचीही आहे. म्हणजे ज्याला आपण सातासमुद्रांपलीकडून आणूं पाहतों त्याचा भाऊबंद सह्याद्रीच्या उतारावर उभा आहे! कालव्याचें पाणी ज्या डोंगरांकडून बारामतीला येतें, त्याच डोंगरांच्या रानांतलें हें झाड. पाण्याच्या पाठोपाठ त्यालाही खालीं बोलावण्यास हरकत नसावी. लाखेचा किडा त्यावर वाढवितात, आणि कुसुमावरची लाख पहिल्या प्रतीची मानली जाते. फळाचा आंबट गर लोक आवडीनें खातात. मात्र बी खाऊं नये, तिच्या गरांत विषारी द्रव्य असतें. लहान मुलांच्या घरीं ही सूचना अवश्य लक्षांत ठेवावी.

आतां लागवड. एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे कीं कोसिंब हा सावकाश वाढणारा आणि पुढें मोठा विस्तार करणारा वृक्ष आहे. घराच्या भिंतीपासून निदान पंचवीस-तीस फूट अंतर असेल तरच तो लावावा. फळें ज्येष्ठ-आषाढांत पिकतात. ताज्या बिया गर धुवून, रात्रभर पाण्यांत भिजवून लगेच पिशव्यांतून लावाव्या. जुन्या बियांची उगवण भरंवशाची नसते. रोप वर्षभर पिशवींत वाढवून पुढल्या पावसाळ्यांत जमिनींत न्यावें.

इंदापूरकडे किंवा बारामतीच्या माळावर खालीं मुरूम असेल तर खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल घ्यावा, व तळाचा कठीण थर पहारीनें फोडावा. खालीं कपार मिळाली नाहीं तर खड्डा म्हणजे जमिनींत पुरलेली कुंडीच होते आणि पावसाळ्यांत मुळें कुजतात. भरतांना निघालेला मऊ मुरूम आणि गाळाची माती समभाग घेऊन त्यांत दोन घमेलीं कुजलेलें शेणखत मिसळावें. असल्या खडकाळ जमिनींत झाडें येत नाहींत ही समजूत खरी नाहीं. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथें २००९ सालीं स्थापन झालेल्या, दुष्काळ-क्षारादि ताणांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें अशाच पडीक खडकाळ माळावर फळबागा उभ्या केल्या आहेत. खडक फोडणें आणि खड्डा योग्य मातीनें भरणें, हीच तेथील मुख्य गोष्ट आहे.

लावण श्रावण-भाद्रपदांत, जमीन एकदां चांगली भिजल्यावर करावी. रोपाभोंवतीं आळें करावें, पण खोडाशीं पाणी सांचूं देऊं नये. खोडाभोंवतीं मातीचा लहानसा उंचवटा ठेवावा. आळ्यांत उसाचें पाचट चार बोटें जाडीनें पसरावें. आपल्याकडे तें मुबलक आहे, आणि तें जाळण्यापेक्षां हा उपयोग शतपटीनें चांगला. फक्त वाळवीच्या भयानें तें खोडापासून वीतभर दूर ठेवावें. पहिल्या उन्हाळ्यांत पश्चिमेच्या बाजूस कडब्याच्या दोन पेंढ्या उभ्या बांधाव्या. शेळ्यांपासून रक्षणासाठीं बाभळीच्या फांट्यांचें कुंपण करावें; या मुलखांत दुष्काळानें जितकीं रोपें मरतात, जवळजवळ तितकींच शेळ्यांच्या तोंडीं जातात. पाणी रोज थोडें देण्यापेक्षां आठवड्यानें एकदां भरपूर द्यावें. रोज शिंपडलेल्या पाण्यानें मुळें वरच खेळत राहतात. खोल मुरलेल्या पाण्यामागें तीं खालीं जातात. आळ्याच्या कडेला तळाशीं बारीक भोंक पाडून वात घातलेलें एक मडकें गळ्यापर्यंत पुरावें आणि तें भरून ठेवावें, म्हणजे आठवड्याच्या पाण्याचा थेंबही वायां जात नाहीं.

पाण्याचा विषय निघाला आहे तर तोही हिशेब मांडूं, कारण ज्या तालुक्यांत कांहीं गांवांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते तेथें शोभेच्या झाडाला पाणी घालणें हा केवळ आपला खाजगी प्रश्न राहत नाहीं. कुंडींतला मेपल एका उन्हाळ्यांत पांचशे लिटर घेतो, हें आपण पाहिलें. कोसिंबाला पहिल्या वर्षीं कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत तीस आठवडे, आठवड्याला वीस लिटर धरले तर सहाशे लिटर होतात. दुसऱ्या वर्षीं पंधरवड्यानें तीस लिटर, म्हणजे साडेचारशे. तिसऱ्या वर्षीं महिन्यानें साठ लिटर, म्हणजे सात महिन्यांचे चारशेंवीस. तीन वर्षांची बेरीज दोघांचीही दीड हजार लिटरांच्या जवळपास. तेव्हां देशी झाड लावलें म्हणजे पाणी लागतच नाहीं, असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. फरक पुढें आहे. चौथ्या वर्षापासून कोसिंबाचीं मुळें आपलें पाणी आपण शोधूं लागतात. फार कोरड्या वर्षीं दोन-चार वेळां पाणी दिलें कीं पुरे. मेपलचा मात्र पांचशे लिटरांचा कर जन्मभर चालू राहतो, आणि त्याच्या मोबदल्यांत सावली मिळते ती एका मांजराला पुरेल एवढी!

कोसिंबाला न मानवणारी एक जागा आहे. ती म्हणजे चिबड, खारवट रान. ज्यांचें घर कालव्याखालच्या अशा जमिनींत आहे त्यांनीं देशी बदामाचा विचार करावा. हा समुद्रकांठचा वृक्ष असल्यामुळें खारें वारें आणि थोडा खारटपणा तो सोसतो. मात्र निचऱ्यासाठीं त्यालाही चर खणून द्यावा. छत्रीवर छत्री ठेवावी तशी त्याच्या फांद्यांची रचना असते, आणि त्याचीं रुंद पानें गळण्यापूर्वीं थेट मेपलसारखीं लाल, नारिंगी, पिंवळीं होतात. हिंवाळ्याच्या अखेरीस हा देखावा दिसतो. पुष्कळ ठिकाणीं वर्षांतून दोनदांही दिसतो. वाढही झपाट्याची. मात्र पानें मोठीं असल्यानें पन्हाळी तुंबतात, म्हणून छपरापासून तो दूर लावावा, आणि गळलेलीं पानें खड्ड्यांत कुजवून त्यांचें खत करावें. पिंपळाची पालवी कितीही सुंदर असली तरी घराजवळ तो लावूं नये. त्याचीं मुळें भिंतींत शिरतात. त्याची जागा पाराची, नदीकांठची.

कोणी म्हणेल, कोसिंब लाल होईपर्यंत दहा-पंधरा वर्षें थांबावयाचें कोणी? हा प्रश्न रास्त आहे. त्याला माझें उत्तर इतकेंच कीं लाल पालवी लहान रोपालाही येते. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं कमरेएवढ्या रोपाच्या शेंड्यावर ती प्रथम दिसते, आणि मुलांना ती दाखवितांना जो आनंद होतो तो पूर्ण वाढलेल्या झाडापेक्षां कमी नसतो. शिवाय या मुलखाला वाट पाहण्याची संवय आहे. इंदापूर तालुक्याच्या कडेनें भीमेवरील उजनी धरणाचें पाणी १९८० पासून पसरलें आहे. तें पाणी येण्यासाठीं आणि शेतापर्यंत पोंचण्यासाठीं येथील माणसांनीं वर्षानुवर्षें वाट पाहिली. कित्येकांनीं आपलीं गांवें त्याच्यासाठीं सोडलीं. पळसदेवचें जुनें देऊळ त्या पाण्याखालीं गेलें आणि पाणी ओसरलें कीं तें अजूनही डोकें वर काढतें. ज्या लोकांनीं एवढें सोसून पाणी आणलें त्यांनीं तें कोणत्या झाडाला घालावें, हें जरा विचार करूनच ठरवावें.

शोभेची आवड ही चैन आहे असें मी मानीत नाहीं. घरापुढें एखादें सुंदर झाड असावें ही इच्छा ज्या माणसाला होते तो आपल्या गांवाशीं अधिक घट्ट बांधला जातो. फक्त ती इच्छा पुरी करतांना आपण आपल्या मातीला एक प्रश्न विचारला पाहिजे : तुला काय झेपेल? नीरेच्या खोऱ्यांत शेतकऱ्यांनीं तो प्रश्न विचारावयास उशीर केला तेव्हां रानें पांढरीं पडलीं. अंगणांत आपण तो वेळेवर विचारला तर फाल्गुनांत दारापुढें लाल पालवी हलेल. परदेशांतून दिवाळीला जसें छायाचित्र येतें, तसें एक छायाचित्र चैत्रांत येथूनही तिकडे पाठवितां येईल, आणि त्याखालीं लिहितां येईल कीं हाही मेपलचाच भाऊबंद. हा मात्र आपल्या घरचा.